डॉक्टरची निवड आणि प्रसंगनिर्णय चाचणी

भिवंडीतील धामणकर नाका हा कष्टकऱ्यांचा नाका आहे. जवळच पद्मनगर ही तेलुगुभाषक विणकरांची जुनी वस्ती आहे, आणि सभोवार यंत्रमागांचे कारखाने आहेत. पाळी सुटली की मराठी, उर्दू, तेलुगू आणि भोजपुरी या भाषा येथे एकाच वेळी कानी पडतात. या परिसरातून रुग्णालयात जाणारा रुग्ण सहसा एकटा जात नाही. त्याच्याबरोबर कारखान्याचा मुकादम, खोलीतील साथीदार किंवा गावाकडून आलेला भाऊ असतो. अशा वेळी रोग ओळखला आणि औषध लिहिले, एवढ्याने डॉक्टरचे काम संपत नाही. कोणाला काय सांगावे, काय सांगू नये, रुग्णाची भीती कशी दूर करावी, हेही त्याला ठरवावे लागते. आणि तेही रुग्णांची रांग दाराबाहेर गेलेली असताना.

२१ सप्टेंबर २०२० रोजी पहाटे याच नाक्याजवळील पटेल कंपाउंडमधील 'जिलानी' ही तीन मजली इमारत कोसळली. सुमारे ४० माणसे मृत्युमुखी पडली. कोविडची साथ चालू होती. ढिगाऱ्याखालून काढलेल्या जखमींना भिवंडीच्या व ठाण्याच्या रुग्णालयांत हलविण्यात आले. अशा पहाटे अपघात विभागात काम करणाऱ्या तरुण डॉक्टरला शरीरशास्त्र तर आठवावेच लागते; पण आधी कोणत्या जखमीकडे वळावे, आक्रोश करणाऱ्या नातेवाइकाशी कसे बोलावे, आपल्याला उमगत नाही हे वरिष्ठांना केव्हा सांगावे, याचे उत्तर पाठ्यपुस्तकाचे पान उलटून मिळत नाही.

हा विवेक उमेदवारापाशी आहे किंवा नाही, हे त्याची निवड करतानाच अजमावता येईल काय? जगातील अनेक देशांत गेली काही वर्षे या प्रश्नाचा विचार होत आहे. त्यातून जी पद्धती पुढे आली तिला इंग्रजीत 'सिच्युएशनल जजमेंट टेस्ट' असे नाव आहे. मराठीत तिला 'प्रसंगनिर्णय चाचणी' म्हणता येईल.

आजची निवडपद्धती

आपल्या देशात एम.बी.बी.एस. अभ्यासक्रमाचा प्रवेश 'नीट' या राष्ट्रीय परीक्षेतून होतो. भौतिकशास्त्राचे ४५, रसायनशास्त्राचे ४५ आणि जीवशास्त्राचे ९० असे एकूण १८० प्रश्न व ७२० गुण, असे तिचे स्वरूप आहे. बरोबर उत्तराला ४ गुण मिळतात आणि चुकीच्या उत्तराबद्दल १ गुण वजा होतो. लक्षावधी उमेदवारांना एकच माप लावणे, शिफारस व वशिला यांना वाव न ठेवणे आणि विद्यार्थ्याला मराठीतूनही परीक्षा देता येणे, हे या पद्धतीचे मोठे गुण होत. ते कमी लेखून चालणार नाही.

तथापि, या १८० प्रश्नांत उमेदवाराच्या वागणुकीविषयी एकही प्रश्न नसतो. ज्ञानाचा कस लागतो, विवेकाचा लागत नाही. पुढे हाच विद्यार्थी साडेचार वर्षांचे शिक्षण व एक वर्षाची आंतरवासिता पुरी करून रुग्णांसमोर उभा राहतो. संवाद तुटला की गैरसमज वाढतो आणि क्वचित प्रसंग हातघाईवर जातो. वैद्यकीय सेवेतील व्यक्तींवर होणाऱ्या हिंसाचाराला आळा घालण्यासाठी महाराष्ट्राला २०१० मध्ये स्वतंत्र कायदा करावा लागला, यावरून प्रश्नाचे गांभीर्य ध्यानी यावे. कायदा डॉक्टरला संरक्षण देतो आणि ते आवश्यकच आहे. रुग्ण व डॉक्टर यांच्यातील विश्वास मात्र कायद्याने निर्माण करता येत नाही.

सेवाग्रामचा प्रयोग

केवळ शास्त्रविषयांच्या गुणांवर डॉक्टर निवडू नये, हा विचार महाराष्ट्राला नवा नाही. डॉ. सुशीला नायर यांच्या पुढाकाराने महात्मा गांधींच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, म्हणजे १९६९ मध्ये, वर्धा जिल्ह्यातील सेवाग्राम येथे महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था सुरू झाली. या संस्थेच्या प्रवेश परीक्षेत भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि जीवशास्त्र यांच्या जोडीला गांधीविचारांवरील प्रश्नपत्रिका असे. ग्रामीण भागात सेवा करण्याची वृत्ती असलेले विद्यार्थी मिळावेत, हा तिचा हेतू होता. निवड झालेल्या विद्यार्थ्यांचा आरंभ आश्रमातील शिबिराने होई आणि पुढे त्यांना खेड्यात जाऊन कुटुंबांच्या आरोग्याची जबाबदारी घ्यावी लागे.

'नीट' सक्तीची झाल्यानंतर संस्थेची ही स्वतंत्र परीक्षा संपली. शिबिराची व ग्रामसेवेची परंपरा पुढे चालू राहिली. तमिळनाडूतील वेल्लोर येथील ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमध्येही उमेदवारांची अनेक अंगांनी पारख करणारी स्वतःची निवडपद्धती होती. सर्वोच्च न्यायालयाने २९ एप्रिल २०२० रोजीच्या निर्णयात खाजगी व अल्पसंख्याक संस्थांनाही 'नीट' बंधनकारक असल्याचे स्पष्ट केले. पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयाची रीत मात्र थोडी निराळी आहे. तेथे 'नीट'च्या गुणांवरून उमेदवारांना बोलावण्यात येते आणि नंतर इंग्रजी आकलन व तर्क यांची परीक्षा, मानसशास्त्रीय चाचणी व मुलाखत घेण्यात येते.

सेवाग्रामच्या प्रयोगातून एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. विचारांवरील प्रश्नपत्रिकेतून उमेदवाराने काय वाचले आहे ते कळते. अडचणीच्या क्षणी तो काय करील ते पुरतेपणी कळत नाही. ही उणीव भरून काढण्याचा प्रयत्न प्रसंगनिर्णय चाचणी करते.

चाचणी म्हणजे काय?

या चाचणीत उमेदवारापुढे नोकरीतील किंवा शिक्षणातील एक अडचणीचा प्रसंग मांडला जातो. त्याखाली चार-पाच संभाव्य कृती दिलेल्या असतात. त्यांतील सर्वांत योग्य कोणती व सर्वांत अयोग्य कोणती, असा क्रम उमेदवाराने लावावयाचा असतो, किंवा प्रत्येक कृती कितपत योग्य आहे ते सांगावयाचे असते. प्रसंग सोडविण्यासाठी वैद्यकीय ज्ञानाची फारशी गरज पडणार नाही, याची दक्षता घेतली जाते.

अशा प्रश्नांचा आरंभ जुना आहे. अमेरिकेतील जॉर्ज वॉशिंग्टन विद्यापीठाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या, १९२६ च्या सुमाराच्या एका सामाजिक बुद्धिमापन चाचणीत ते आढळतात. आपल्याकडेही ही कल्पना अगदी अपरिचित नाही. सेनादलातील अधिकाऱ्यांच्या निवडीत उमेदवाराला ३० मिनिटांत ६० प्रसंगांवर आपली प्रतिक्रिया थोडक्यात लिहावी लागते. राज्यसेवा पूर्व परीक्षेच्या दुसऱ्या प्रश्नपत्रिकेत निर्णयक्षमतेचे काही प्रश्न असतात आणि चुकीच्या उत्तराबद्दल त्यांत गुण वजा होत नाहीत. केंद्रीय लोकसेवा आयोगाने २०१३ पासून मुख्य परीक्षेत नीतिशास्त्राची प्रश्नपत्रिका आणली; तिच्यातही प्रशासनातील पेचप्रसंग सोडवावयास दिले जातात. तहसीलदार निवडताना जे तत्त्व मान्य झाले, त्याचा डॉक्टरच्या बाबतीतही विचार व्हावा, हे स्वाभाविकच आहे.

एक नमुना प्रश्न

चाचणीचे स्वरूप स्पष्ट व्हावे म्हणून केवळ उदाहरणादाखल रचलेला एक प्रश्न पाहू.

एक आंतरवासी डॉक्टर रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात काम करीत आहे. धामणकर नाक्याजवळच्या कारखान्यातील एका यंत्रमाग कामगाराच्या थुंकीच्या तपासणीत क्षयरोग आढळला आहे. कामगार गयावया करून म्हणतो, "डॉक्टरसाहेब, शेठला कळू देऊ नका. काम जाईल, खोलीही जाईल." त्या खोलीत त्याच्याबरोबर आणखी सात जण राहतात. त्याला घेऊन आलेला मुकादम दारातूनच विचारतो, "काय निघालं याला?" पुढील पर्याय सर्वांत योग्य ते सर्वांत अयोग्य अशा क्रमाने लावावयाचे आहेत :

(अ) इतर कामगारांना धोका असल्यामुळे मुकादमाला रोगाचे नाव सांगावे.

(आ) मुकादमाला बाहेर थांबण्याची विनंती करावी आणि रुग्णाला आजार, मोफत उपचार व साथीदारांच्या तपासणीची गरज समजावून सांगावी.

(इ) वरिष्ठ वैद्यकीय अधिकाऱ्यांना प्रसंग सांगून त्यांचा सल्ला घ्यावा.

(ई) साधा ताप असल्याचा दाखला मुकादमाच्या हाती द्यावा.

(उ) औषधे लिहून द्यावीत आणि दोघांच्या मध्ये न पडता पुढील रुग्णाला बोलवावे.

या प्रश्नात दोन कर्तव्ये एकमेकांसमोर उभी आहेत. रुग्णाचे गुपित राखणे हे एक आणि खोलीतील सात जणांचा जीव जपणे हे दुसरे. क्षयरोगाच्या रुग्णाची नोंद शासकीय यंत्रणेकडे करणे २०१२ पासून बंधनकारक आहे. पण यंत्रणेला कळविणे वेगळे आणि मालकाच्या माणसाला सांगणे वेगळे. म्हणून 'आ' हा पर्याय सर्वांत योग्य ठरेल. त्यात रुग्णाचा विश्वास राहतो आणि त्याच्या संमतीने साथीदारांच्या तपासणीची वाटही खुली होते. त्याखालोखाल 'इ' येतो, कारण नवख्या डॉक्टरने सल्ला घेणे हा कमीपणा नव्हे. 'उ' मध्ये उपचार होतो, पण सात जण वाऱ्यावर सोडले जातात. 'अ' मध्ये हेतू चांगला असला तरी विश्वासघात होतो. उद्या दुसरा कामगार खोकला लपवील. 'ई' मध्ये मदत केल्यासारखे दिसते, परंतु दाखला खोटा आहे आणि रोगाचा फैलावही थांबत नाही. म्हणून तो शेवटी.

गुण कसे देतात?

येथे एखादा वाचक म्हणेल, 'उ' व 'अ' यांच्या क्रमाविषयी मतभेद होऊ शकतो. हा आक्षेप रास्त आहे, आणि चाचणीच्या रचनेत तो गृहीतच धरलेला असतो. उत्तराचा क्रम एकट्या परीक्षकाने ठरवावयाचा नसतो. अनुभवी डॉक्टरांच्या मंडळापुढे प्रश्न ठेवला जातो. त्यांचे बऱ्याच अंशी एकमत झाले तरच तो प्रश्न स्वीकारला जातो. ज्या प्रश्नावर जाणकारांचेच दोन तट पडतात, तो बाद होतो.

गुणही 'बरोबर' वा 'चूक' अशा दोनच खान्यांत विभागलेले नसतात. ब्रिटनमध्ये नव्या डॉक्टरांसाठी घेतल्या जाणाऱ्या चाचणीत क्रम लावण्याच्या प्रश्नाला २० गुण असत. पाचही पर्याय जागच्या जागी बसले तर पूर्ण गुण मिळत. एखादा पर्याय एका जागेने सरकला तर थोडे गुण कमी होत. याचा अर्थ असा की 'उ' आणि 'अ' यांची अदलाबदल करणाऱ्याचे फारसे नुकसान होत नाही. मात्र खोटा दाखला पहिल्या क्रमांकावर ठेवणारा बराच मागे पडतो.

परदेशांतील अनुभव

बेल्जियममधील फ्लँडर्स प्रांतात वैद्यकीय प्रवेश परीक्षेत डॉक्टर व रुग्ण यांच्यातील प्रसंगांच्या चित्रफिती दाखवून प्रश्न विचारण्यात येत. या उमेदवारांचा पुढे अनेक वर्षे मागोवा घेण्यात आला. फिलिप लिव्हेन्स आणि पॉल सॅकेट यांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, प्रवेशाच्या वेळी या प्रश्नांत मिळालेल्या गुणांचा सात वर्षांनंतरच्या आंतरवासितेतील आणि नऊ वर्षांनंतरच्या प्रत्यक्ष कामातील कामगिरीशी संबंध दिसून आला. हा संबंध माफक असला तरी शास्त्रविषयांचे गुण जे सांगत नाहीत ते तो सांगतो, हे महत्त्वाचे होय.

ब्रिटनमधील अनेक वैद्यकीय विद्यापीठे प्रवेशासाठी 'यूकॅट' या परीक्षेचा आधार घेतात. तिच्यात २०१३ पासून प्रसंगनिर्णयाचा विभाग आहे. त्याचा निकाल पहिल्या ते चौथ्या अशा चार श्रेणींत कळविला जातो. सर्वांत खालच्या श्रेणीतील उमेदवाराचा विचार न करण्याचे धोरण काही संस्था ठेवतात.

त्याच देशात नवपदवीधरांना पहिल्या प्रशिक्षणाची जागा देण्यासाठीही २०१३ पासून ही चाचणी वापरली जात होती. शंभरापैकी ५० गुण महाविद्यालयीन कामगिरीला व ५० गुण या चाचणीला होते. परंतु बहुतेक उमेदवारांचे गुण एकमेकांच्या फार जवळ येत. अशा किरकोळ फरकावरून एकाला घराजवळची आणि दुसऱ्याला शेकडो मैल दूरची जागा देणे कितपत न्याय्य, असा प्रश्न निर्माण झाला. अखेर २०२४ च्या तुकडीपासून या टप्प्यावरील चाचणी बंद करण्यात आली व उमेदवारांच्या पसंतीला प्राधान्य देणारी पद्धत स्वीकारण्यात आली. पुढील विशेष प्रशिक्षणाच्या निवडीत मात्र व्यावसायिक पेचप्रसंगांची प्रश्नपत्रिका राहिली.

या दोन अनुभवांतून एक सूत्र निघते. प्रसंगनिर्णय चाचणी ही चाळण आहे, सोनाराचा काटा नव्हे. अगदी अविवेकी उत्तरे देणाऱ्याला ती वेगळे काढते. चांगल्या शंभरांत पहिला कोण आणि दहावा कोण, हे ठरविण्यास ती उपयोगी नाही.

मर्यादा

योग्य काय ते जाणणे आणि तसे वागणे यांत अंतर असते. कागदावर उत्तम क्रम लावणारा डॉक्टर सलग रात्रपाळीनंतर तसाच शांत राहील, याची हमी कोणतीही चाचणी देत नाही.

दुसरी अडचण शिकवणी वर्गांची. चाचणीला गुण मिळू लागले की तिची ठोकळेबाज उत्तरे पाठ करून घेणारे वर्ग निघणारच. ज्याच्यापाशी शुल्क आहे त्याला विवेकही विकत मिळू लागला, तर नंदुरबारच्या किंवा गडचिरोलीच्या होतकरू विद्यार्थ्यापुढे आणखी एक भिंत उभी राहील.

तिसरी बाब भाषेची व रीतीरिवाजांची आहे. प्रसंग लांबलचक इंग्रजीत दिला तर विवेकाऐवजी इंग्रजीचीच परीक्षा होते. शिवाय परदेशी उत्तरसूची जशीच्या तशी येथे लावता येणार नाही. कर्करोगाचे निदान झाल्यावर "आईला सांगू नका, ती खचेल" अशी विनवणी करणारा मुलगा आपल्या रुग्णालयांत नेहमी भेटतो. आईचा जाणून घेण्याचा हक्क राखूनही मुलाची माया समजून घेणारे उत्तर आपल्या मातीतूनच शोधले पाहिजे.

महाराष्ट्रात काय करता येईल?

राष्ट्रीय आयुर्विज्ञान आयोग अधिनियम, २०१९ अन्वये प्रवेशासाठी देशभर एकसमान परीक्षा ठरलेली आहे. तिच्यात नवा विभाग आणावयाचा तर तो निर्णय केंद्रीय स्तरावरच होऊ शकतो. एका राज्याला किंवा महाविद्यालयाला स्वतंत्र चाळण लावता येणार नाही. म्हणून या चाचणीचा विचार दोन टप्प्यांत करणे इष्ट ठरेल.

पहिला टप्पा प्रशिक्षणाचा, आणि त्याला कसलाही अडथळा नाही. भारतीय आयुर्विज्ञान परिषदेने २०१८ मध्ये वृत्ती, नीती व संवाद या विषयांचा पाठ्यक्रम तयार केला आणि २०१९ च्या तुकडीपासून तो एम.बी.बी.एस. अभ्यासक्रमाचा भाग झाला. त्याचे पाठ प्रसंगांवरच आधारलेले आहेत. आंतरवासिता सुरू होण्यापूर्वी प्रत्येक विद्यार्थ्याकडून प्रसंगनिर्णयाचे काही प्रश्न सोडवून घेऊन त्यांवर ज्येष्ठ डॉक्टर, परिचारिका व विद्यार्थी यांची चर्चा घडविली, तर गुणांची स्पर्धा टळेल आणि कोणाला मार्गदर्शनाची गरज आहे तेही कळेल. चुकीचे उत्तर येथे शिक्षेचे कारण न होता शिक्षणाचे साधन होईल.

दुसरा टप्पा निवडीचा. तो यावयाचा झाल्यास आधी काही वर्षे हे प्रश्न गुण न देता विचारावेत, उमेदवारांचा पुढील कामगिरीपर्यंत मागोवा घ्यावा, आणि ग्रामीण व शहरी, मराठी व इंग्रजी माध्यमांच्या विद्यार्थ्यांत अन्याय्य तफावत पडत नाही ना, ते तपासावे. त्यानंतरही निकाल केवळ श्रेणीच्या रूपाने वापरावा.

दोन्ही टप्प्यांत प्रश्नांचा कच्चा माल लोकांतूनच येणार आहे. वैद्यकीय विद्यार्थ्यांनी गावातील कुटुंबांचा आरोग्यविषयक सांभाळ करावा, अशी योजना राष्ट्रीय आयोगाने अभ्यासक्रमात आणली आहे. ज्या गावी हे विद्यार्थी येतील तेथील पंचायत सदस्य, शिक्षक व आशा कार्यकर्ती त्यांना प्रत्यक्ष प्रसंगांची ओळख करून देऊ शकतील. रुग्ण कल्याण समितीपुढे येणाऱ्या तक्रारी नावे वगळून महाविद्यालयांकडे गेल्या, तर त्यांतूनही उत्तम प्रश्न तयार होतील. कनिष्ठ महाविद्यालयातील शिक्षकांनीही विज्ञान शाखेच्या विद्यार्थ्यांपुढे असा एखादा प्रसंग अधूनमधून ठेवावा. गुणांच्या धावपळीत, आपण कोणाची सेवा करण्यासाठी निघालो आहोत, याचे स्मरण त्यातून राहील.

भिवंडीच्या कामगाराला आपल्या डॉक्टरचे 'नीट'मधील गुण ठाऊक नसतात. आपले ऐकून घेतले काय, खरे सांगितले काय आणि आपले गुपित राखले काय, एवढेच तो पाहतो. त्याच्या या साध्या कसोटीला उतरणारे डॉक्टर घडविणे, हेच कोणत्याही निवडपद्धतीचे अंतिम प्रयोजन होय.